आक्का, म्हशाची ती बातमी

आक्का, काल तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तू असतीस तर आधी मांडवातल्या बॅनरवर लाल पेन फिरवलं असतंस. फोटो तुझ्या सेवानिवृत्तीच्या दिवशीचा लावला होता. त्यातला पुष्पगुच्छ कुणीतरी कापून टाकला होता, त्यामुळे तू दोन्ही हातांनी कुणाला तरी नको नको म्हणतेयस असं दिसत होतं. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील घेतलं, लोक बोलले, जेवले. वरण जरा पातळ झालं होतं. मी सगळं बघत होतो आणि मला काहीच होत नव्हतं.

आज सकाळी शहापूरला परत आलो, दुकानाचं शटर वर केलं आणि दोघांना आधार कार्डाच्या झेरॉक्स काढून दिल्या. अजून रडू आलेलं नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं अंगभर झालंय. तुझ्या भावजयीने दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना? मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ते, वाईटही वाटत नव्हतं.

म्हणून लिहायला बसलो. तीस वर्षं बातम्या लिहिल्या, दुसरं काही येत नाही. तुझी बातमी तर छापूनही आली. राहिलंय ते तुझ्या-माझ्यातलं.

तुला मण्यार चावली. पहाटे पोटात दुखतंय म्हणालीस, मग पापण्या उचलेनात. दाजींनी शेजाऱ्याला इको गाडी काढायला लावली. दवाखान्यात पोचेपर्यंत तुला धाप लागली होती, आणि तिथून पुढे हलवायची वेळच आली नाही. मण्यारीचा दात लागलेला दिसत नाही म्हणतात, पुष्कळदा कळतही नाही. नशीब, दाजींना ती अंथरुणाच्या घडीत सापडली. त्यांनी तिला ठेचली, लोणच्याच्या बरणीत घातली आणि डॉक्टरांपुढे नेऊन ठेवली.

नशीब का म्हणतो ते ऐक. पंचनामा करणाऱ्या हवालदारांनी मला विचारलं, "बाईंना काय आजार होता का?" मी म्हटलं, मानसिक आजाराच्या गोळ्या चालू होत्या. त्यांचं पेन थांबलं. "मग काय खाल्लंबिल्लं तर नाय ना?" मी बरणीकडे बोट दाखवलं. बरणी नसती तर अख्खा तालुका काय बोलला असता ते तुला सांगायला नको. तो माणूस काही वाईट नव्हता. त्याने पेपर वाचलेले होते, एवढंच. आणि त्यातलं बरंचसं मी लिहिलेलं होतं.

तिथेच बाकड्यावर बसलेलो असताना फोन आला. मुरबाडची बातमीदारी आता ज्या बाईंकडे आहे, त्यांचा. आधी शहापूर-मुरबाड दोन्ही तालुके मीच बघायचो; डोळ्याच्या ऑपरेशननंतर मी ते काम सोडलं तेव्हा त्यांना सगळ्या ओळखी मीच करून दिल्या होत्या. चांगल्या आहेत. लिहिण्याआधी चार जणांना फोन करून विचारतात, ती सवय काही त्यांना माझ्याकडून लागलेली नाही.

"सर, मुरबाडच्या सर्पदंशाची बातमी करतेय," त्या म्हणाल्या. "बाई मनोरुग्ण होत्या असं गावातून कळलं. आणि सहा वर्षांपूर्वी म्हसा गावच्या यात्रेत एका बाईने दगडफेक केली होती ना, ती ह्याच. आपल्या जुन्या अंकात बातमी सापडली. नाव नाय त्यात, पण गावातले दोघं खात्रीने सांगतायत. शेवटी एक ओळ टाकू ना त्याची?"

म्हणजे जन्मात पहिल्यांदा तुझं नाव पेपरात येणार होतं, ते तू गेल्यावर, आणि तेही त्या दगडांना चिकटून. म्हशाची ती बातमी मी लिहिलेली होती. हे मी तुला कधीच सांगितलं नाही.

तशा माझ्या बातम्या तुला कधी आवडल्याच नाहीत. तुझा आजार सुरू झाला तेव्हा तू ह्या शाळेत नुकतीच बदलून आली होतीस. भिंतीपलीकडून कुणीतरी आपली उजळणी घेतंय असं तुला ऐकू यायचं. ठाण्याला दाखवलं, गोळ्या लागू पडल्या, आणि त्यानंतर वीस वर्षं तू चौथीचा वर्ग सांभाळलास. सकाळी एक गोळी, संध्याकाळी दीड. ह्याची बातमी होऊ शकते असं माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. बातमी कशाची होते ते मला पाठ होतं. "माथेफिरू" लिहिलं की मागून "धुमाकूळ" आपसूक यायचा, मग "परिसरात खळबळ", आणि शेवटी नागरिकांनी चोप देऊन पोलिसांच्या स्वाधीन केले की मी मोकळा.

मी मुरबाडला आलो की तुझ्या ओटीवर माझी उलटतपासणी ठरलेली. उंबरमाळीजवळ रुळांच्या कडेला एक माणूस मेलेला सापडला होता, मी "वेडसर इसम" लिहिलं होतं.

"येडसर कशावरनं रे?" तू विचारलंस.

"कपडे फाटके होते. दाढी वाढलेली."

"गाडीखाली गेल्यावर कपडे इस्त्रीचे राहतात का?"

दाजी आत फिदीफिदी हसले होते. मी चहात बिस्कीट बुडवून बसलो. दुसऱ्या वेळी तू म्हणालीस, "आमच्या शेजारणीला शुगर हाय आणि ती रोज नळावर भांडते. लिव ना, मधुमेही महिलेचा धुमाकूळ." आणि तो फोटो! मानसिक आरोग्याचं काहीही छापायचं असलं की आमच्या पेपरात अंधारात डोकं धरून बसलेला एक माणूस यायचा, दर वेळी तोच. "मी कधी बसले रे अशी?" तू म्हणायचीस. "डोकं धरून बसते ती जनगणनेच्या ड्युटीला. तवा घ्यायला ये फोटो."

मी म्हणायचो, आक्का, हेडिंग आणि फोटो डेस्कवाले लावतात. ते निम्मंच खरं होतं.

म्हशाच्या यात्रेच्या त्या वर्षी तुझ्या गोळ्या बंद होत्या. गोळ्यांनी हात थरथरतो आणि फळ्यावरचं अक्षर वाकडं येतं म्हणून तूच बंद केल्या होत्यास, कुणालाही न सांगता. तुला अक्षराची घमेंड होती, ती आम्हाला लहानपणापासून ठाऊक होती. पण ती इतकी आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या दिवशी मी यात्रेत नव्हतोच. आटगावला कसलं तरी उद्घाटन होतं, तिथे पहिल्या रांगेत बसलो होतो. बैलबाजारातल्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. "पत्रकार, बाजारात एक येडी बाई घुसली. बैल सोडले, पब्लिकला दगड मारले. लय गोंधळ." मी विचारलं, कुणाला लागलं का? "लागलं ना, एका बाईचं कपाळ फुटलंय." कोण बाई, कुठली, दगड मारताना बघितलं कुणी, काही विचारलं नाही. खुर्चीत बसल्या बसल्या मोबाइलवर बातमी टाइप केली. माथेफिरू महिलेची यात्रेत दगडफेक, एक महिला जखमी. डेस्कला पाठवली आणि उद्घाटनाचा पेढा खाल्ला.

संध्याकाळी सात वाजता दाजींचा फोन आला. "ती सकाळपासनं घरात नव्हती. म्हशाला सापडली. कपाळाला चार टाके पडलेत. तू ये जरा." मी येतो म्हटलं, फोन ठेवला आणि मग मला कळलं. माथेफिरू महिला तूच होतीस, आणि जखमी महिलाही तूच. एका बाईच्या मी दोन बायका करून टाकल्या होत्या.

आणि आता जे सांगायचंय ते ऐक. पान छपाईला सुटायला अजून दोन तास होते. डेस्कला फोन करून "ती बातमी काढा" म्हटलं असतं तर निघाली असती, रोज निघतात. पण त्यांनी का म्हणून विचारलं असतं. मग सांगावं लागलं असतं की ती माझी सख्खी बहीण आहे. ते डेस्कवरून ठाण्याच्या ऑफिसात गेलं असतं आणि तिथून शहापूरच्या पत्रकारांच्या कट्ट्यावर आलं असतं. मी फोन खिशात टाकला आणि मोटारसायकलला किक मारली. मला लाज वाटली, आक्का. तुझी. हे लिहिताना हात अडायला हवा होता. अडत नाहीये.

दीड महिन्याने गोळ्या पुन्हा लागू पडल्या आणि तू मला सगळं नीट सांगितलंस. एका बैलाची वेसण नाकात रुतली होती. तो तुला हाका मारत होता. "बैल बोलला ते माज्या डोक्यातलं, आता कळतंय मला," तू म्हणालीस. "पण नाकातलं रगत खरं होतं." तू त्याचं दावं सोडलंस, त्या एकाचंच. तो चार पावलं चालला आणि उभा राहिला. मग ओरडा झाला, येडी, येडी, आणि दगड आले. तू एका बैलगाडीखाली शिरलीस. तिथे टोपल्या विकायला बसलेली डोंगरपाड्यावरची एक म्हातारी उठून तुझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "माजी भाशी हाय ती. मारू नका." तिने तुला जन्मात पाहिलं नव्हतं. पण दगड थांबले, कारण आता तुला कुणीतरी होतं. तिनेच पदर फाडून तुझं कपाळ बांधलं.

एका अनोळखी बाईने दुपारी तुला भाची म्हटलं. त्याच दिवशी संध्याकाळी मला तुला बहीण म्हणता आलं नाही.

बातमीत नाव नव्हतं, पण गावाला नाव लागत नाही. तुझा आजार त्यांना वीस वर्षं ठाऊक होता आणि कुणाची काही तक्रार नव्हती, उलट तुझ्याच वर्गात पोरं घालायला यायचे. तक्रार दगडांची होती. चार-पाच पालक कात्रण घेऊन शाळेत आले, म्हणाले, पेपरात छापून आलंय, उद्या पोरांना मारले म्हणजे? छापून आलंय, ह्याच्यापुढे कुणाचं काही चालेना. तू कुणाशी भांडली नाहीस. मुदतीच्या दोन वर्षं आधी सेवानिवृत्ती घेतलीस आणि तो पुष्पगुच्छ घेऊन घरी आलीस.

त्यानंतर तू माझ्याकडे एकच गोष्ट मागितलीस.

"तुमच्या पेपरात एवढं छाप, त्या बाईनं दगड मारले नाय, तिला लागले. नाव नको माजं."

"आक्का, आता शिळी झाली बातमी. कोण छापतं?"

"उमेदवाराचं नाव चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची चौकट टाकता ना?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

बघतो म्हणालो. पुढच्या खेपेला पुन्हा विचारलंस, तेव्हाही बघतो म्हणालो. दिवाळीला विचारलंस तेव्हा मी माझ्या पोरांच्या शिक्षणाचा विषय काढला. दुरुस्ती द्यायची तर मूळ बातमी कुणी दिली, कशावरून दिली, हे आधी निघालं असतं, म्हणून मी ती मागितलीच नाही. मग तू विचारणं सोडलंस आणि मला हायसं वाटलं.

बातमीच्या डोक्यावर "वार्ताहर, मुरबाड" असं छापलेलं होतं. आमच्या पेपरचा मुरबाडला एकच वार्ताहर होता, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी ती कुणी दिली असं तू मला एकदाही विचारलं नाहीस. तुला कळलं होतं का? मी सहा वर्षं तुझा चेहरा वाचत होतो, मला काही थांग लागला नाही. कधी वाटायचं, हिला माहीत आहे आणि ही माझी वाट बघतेय. कधी वाटायचं, भाऊ असं करेल हे हिच्या मनातही येणार नाही. दुसरं जास्त त्रास द्यायचं.

तर बाकड्यावर मी फोन कानाला लावून बसलो होतो आणि त्या बाई विचारत होत्या, ती ओळ टाकू ना. मग त्याच थबकल्या. "सर, मयतांचं माहेर आटगावचं दिसतंय. तुमच्या कुणी लागतात का?"

"सख्खी बहीण," मी म्हणालो.

त्या सॉरी म्हणाल्या. मी म्हणालो, ती म्हशाची ओळ नका टाकू. त्यांनी विचारलं, बरोबरच होतं त्यांचं, "ती बातमी चुकीची होती का सर?" आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "घरच्यांची विनंती समजा." तू आत पांढऱ्या चादरीखाली होतीस, माझ्यापासून वीस पावलांवर.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. निवृत्त शिक्षिकेचा सर्पदंशाने मृत्यू. सहा ओळी, तुझं पूर्ण नाव, किती वर्षं शिकवलंस ते, मागे पती आणि दोन मुलगे. आजाराचा शब्द नाही, कारण सापाचा त्याच्याशी संबंध नव्हता. तू दहापैकी नऊ दिले असतेस. दाजींनी ती कापून तुझ्या फोटोच्या चौकटीत खोचली. मला वाटलं, सुटलो.

काल मांडवात लोक एकेक करून उठले. मुख्याध्यापक बोलले, सरपंच बोलले, तुझे दोन विद्यार्थी बोलले. सगळ्यांनी तुला मनमिळाऊ म्हटलं, आणि ते खोटं आहे हे दाजींना आणि मला चांगलं ठाऊक आहे. मधली काही वर्षं बाईंची प्रकृती जरा नरम होती, असं एक जण म्हणाला. मागच्या खुर्च्यांवर ते पालक बसले होते, कात्रणवाले. चांगली माणसं आहेत, सकाळपासून पाणी भरत होती. तुझ्या जाण्याचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं. आणि तू दगड मारले होतेस हे त्यांच्या डोक्यात तसंच होतं. ते माझ्याच्याने बघवेना. ह्या दहा दिवसांत मला काही जाणवलं ते तेवढं एकदाच.

सूत्रसंचालकाने माझं नाव घेतलं. पत्रकार बंधू दोन शब्द बोलतील. मी माइक हातात घेतला.

"जय भीम," मी म्हणालो. "म्हशाच्या यात्रेत माझ्या बहिणीने दगड मारले नाय. तिला दगड लागले. कपाळाला चार टाके होते, तुमी सगळ्यांनी बघितलेत. ती मारत होती अशी बातमी पेपरात आली, ती मी दिली. मी तिथे नव्हतो. मला विचारायला पाहिजे होतं, मी विचारलं नाय. संध्याकाळी मला कळलं की ती माझीच बहीण हाय, तवा बातमी थांबवता येत होती. मला लाज वाटली म्हणून मी थांबवली नाय. तिला आजार होता, तिने तो वीस वर्षं सांभाळून तुमची पोरं शिकवली. तिची शाळा माझ्यामुळे सुटली. हे तिला मी सांगितलं नव्हतं. तिची माफी मागतो."

मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बस रे बाबा, बस खाली." दाजींनी माझ्याकडे बघितलं नाही, पण पाण्याचा तांब्या माझ्या बाजूला सरकवला. त्यांना हे ठाऊक होतं की नाही, तेही मी विचारलं नाही. कात्रणवाल्यांपैकी एक जण उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. पुढचं नाव पुकारलं गेलं. मी हे सगळं त्या बातमीदार बाईंनाही लिहून पाठवणार आहे. छापतील की नाही ते त्यांनी ठरवावं.

मग पंगत बसली. दाजींचा धाकटा भाऊ माझ्या शेजारी येऊन बसला, काहीतरी बोलायचं म्हणून बोलला बिचारा. "आमाला वाटलं पत्रकार हायेत, अर्धा तास घेतील. तुमी दोन मिनटांत आटपलंत."

दोन मिनिटं, आक्का. सहा वर्षं मी दर पंधरा दिवसांनी तुझ्या ओटीवर येत होतो, चहा संपला तरी तासभर बसून राहत होतो, आणि तूही मला आता ऊठ असं कधी म्हणाली नाहीस.